ई-कोडिसेसवरची ६७३ क्रमांकाची पोथी: कच्चा खर्डा की कापलेली प्रत?

पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही, आणि बाराव्या शतकातली अख्खी चर्मपत्री पोथी नागपूरच्या सीताबर्डीतल्या कुठल्याही बऱ्या इंटरनेटवर उघडते. स्वित्झर्लंडच्या फ्रिबोर्ग विद्यापीठातून २००५ पासून चालणाऱ्या ‘ई-कोडिसेस’ या ऑनलाइन हस्तलिखित ग्रंथालयाबद्दल एवढं तर कोणीही सांगेल. इथे संपूर्ण संग्रहाचा आढावा घ्यायचा नाही. एकच पोथी घेतली आहे, सेंट गॅलन मठाच्या ग्रंथालयातली क्रमांक ६७३, आणि कामही एकच: एका ग्रंथाचे एकामागून एक झालेले खर्डे कोणत्या क्रमाने झाले हे या साइटवरून कितपत लावता येतं ते तपासायचं.

ग्रंथ आहे ग्रात्सियानचा ‘देक्रेतुम’. बोलोन्यात साधारण ११४० च्या आसपास तयार झालेला, चर्चच्या कायद्याचा पायाचा ग्रंथ. मूळ नावाचा अर्थ ‘परस्परविरोधी नियमांचा मेळ’, आणि पद्धतही तीच: पोप, परिषदा, संत यांची एकमेकांशी न जुळणारी वचनं समोरासमोर मांडायची आणि मध्ये आपला युक्तिवाद घालायचा. आपल्याकडे त्याच्या थोडं आधी विज्ञानेश्वराने मिताक्षरेत याज्ञवल्क्यावर जे केलं, त्याची आठवण व्हावी अशी ही रीत आहे. सेमिनरी हिल्सला ज्या सेमिनरीमुळे नाव पडलं तिथे पाद्री घडतात. त्यांच्या चर्चच्या कायद्याची मुळं शोधत गेलं तर वाट याच ग्रंथापाशी येते.

मुद्दा असा की हा ग्रंथ एका दमात झालेला नाही. १८७९ ची फ्रिडबर्गची छापील आवृत्ती, जी अजून सगळे वापरतात, तिच्यात सुमारे ३,९४५ उतारे आहेत. अभ्यासक आंदेर्स विन्रोथ यांनी १९९६ च्या प्रबंधात आणि मग २००० च्या पुस्तकात दाखवलं, की काही पोथ्यांमध्ये याच्या निम्म्याहून कमी, सुमारे १,८६० उताऱ्यांची आधीची आवृत्ती टिकून आहे. त्या पोथ्या चार: आडमाँट, फ्लॉरेन्स, बार्सेलोना आणि पॅरिस. त्याखेरीज पॅरिसमध्येच एक सुटा तुकडा. यानंतर १९९९ मध्ये दुसरे अभ्यासक कार्लोस लारैन्सार यांनी सेंट गॅलनची ६७३ पुढे केली आणि म्हटलं, ही तर पहिल्या आवृत्तीच्याही आधीची, ग्रात्सियानचा कच्चा खर्डा आहे. विन्रोथ आणि इतर अनेकांचं उत्तर: खर्डा कसला, कोणीतरी पुढच्या आवृत्तीला कात्री लावून केलेला संक्षेप आहे. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. म्हणून ही पोथी घरबसल्या दिसते याला किंमत आहे.

नागपूरच्या वकिलांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. भारतीय दंड संहितेची जुनी बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मजकुराची प्रत, हातात घ्या. कलम ४९८-अ आहे पण ३०४-ब नाही, तर आतला मजकूर १९८३ नंतरचा आणि १९८६ च्या आधीचा. छपाईचं साल फाटून गेलं असलं तरी एवढं सांगता येतं. शिवाय ‘अ’ आणि ‘ब’ ही शेपटंच ओरडून सांगतात की हे कलम मागाहून घुसवलं. काही प्रतींत तर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या समासात डिंकाने चिकटवलेल्या असतात. तिथे जुना मजकूर आणि नवा मजकूर दोन्ही एकाच पानावर. फ्लॉरेन्सची पोथी नेमकी अशीच आहे. मध्ये पहिल्या आवृत्तीचा मजकूर, समासात आणि शेवटच्या पुरवणीत दुसऱ्या आवृत्तीचे वाढीव उतारे. आडमाँटच्या दोन खंडांतही वाढीव माल पुरवणीत गेला आहे. या कामात सगळ्यात जास्त ऐवज यातूनच निघतो. अक्षराच्या वळणावरून पंचवीसएक वर्षांच्या आतबाहेरचा अंदाज येतो, आणि तोही फक्त प्रत कधी उतरवली याचा. मजकूर कोणत्या टप्प्याचा, हे पानावर तो कुठे बसला आहे यावरून कळतं. २०१० साली एखाद्याने १९८० ची बेअर अ‍ॅक्ट हाताने उतरवून काढली तर कागद नवा, कायदा जुना. तसंच.

आता साइटकडे. पोथीचं पान उघडलं की वर्णन, छोट्या चित्रांची पट्टी आणि मोठं चित्र मिळतं. झूम मनासारखा आहे. चोवीस इंची पडद्यावर एक स्तंभ पूर्ण रुंदीत घेतला की संक्षेपचिन्हांच्या आडव्या रेघा, शेवटच्या अक्षरांवरचे हुक, लाल शाईतल्या शीर्षकांची धार, सगळं दिसतं. खरवडलेली जागाही ओळखता येते: तिथे चर्मपत्र फिकं पडलेलं असतं आणि वर लिहिलेल्या अक्षरांची शाई कडेने थोडी पसरलेली. आपल्या पोथ्यांत चुकीवर हरताळ फासत, इथे सुरीने खरवडत. नजर सरावली की दोन्ही सारखंच सापडतं. ओळीच्या वर किंवा समासात घातलेले शब्द आणि त्यांना जोडणारी खूण, आपलं हंसपद म्हणा ना, यांचा रंग मूळ ओळीपेक्षा वेगळा असेल तर तेही चित्रात कळतं. एवढ्यासाठी या साइटला पूर्ण गुण.

मोबाइलवर मात्र नादी लागू नका. झूम होतं, पण स्तंभाची डावी कड आणि समास एकत्र दिसत नाहीत, आणि समास सुटला की या कामातलं निम्मं सुटलं.

पानांचे क्रमांक ही पहिली ठेच. सेंट गॅलनच्या पोथ्यांना पृष्ठक्रमांक आहेत, पत्रक्रमांक नाहीत. फ्लॉरेन्स आणि पॅरिसच्या पोथ्या पत्रांवर मोजतात, पुढची बाजू आणि मागची बाजू असं म्हणत. एकाच तक्त्यात दोन्ही पद्धती मिसळल्या की दोन महिन्यांनी ‘४५’ म्हणजे काय हे कोणालाच आठवत नाही. ६७३ दोन स्तंभांत लिहिलेली आहे, म्हणून नोंद नेहमी पृष्ठ, स्तंभ, ओळ अशी करावी. ओळ वरून मोजावी, लाल शीर्षक धरून. आपली पोथी म्हटलं की पत्राची ‘पुढची’ आणि ‘मागची’ बाजू डोक्यात असते. त्या सवयीने इथे हमखास गफलत होते.

कामाची रीत. आधी एक प्रश्न निवडा, पूर्ण ग्रंथ नको. ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ३६ ‘काउसा’ आहेत, म्हणजे बनावट खटले, आणि प्रत्येकात क्रमांक दिलेले प्रश्न. विन्रोथ यांनी तपशीलवार तपासलेल्यांपैकी दोन सोयीचे: काउसा ११ चा तिसरा प्रश्न, अन्याय्य बहिष्काराची आज्ञा पाळावी का, आणि काउसा २४, पाखंडी झालेला बिशप इतरांना बहिष्कृत करू शकतो का. सुरुवात ११ व्यापासून करा. बार्सेलोना आणि पॅरिसच्या पोथ्या बाराव्या काउसापाशी थांबतात, त्यामुळे २४ व्यात साक्षीदार दोनच उरतात.

मग तक्ता. आडव्या ओळींत फ्रिडबर्गचे उतारे क्रमाने, उभ्या रकान्यांत पोथ्या. प्रत्येक चौकटीत चारपैकी एक अक्षर: मु म्हणजे मुख्य मजकुरात, स म्हणजे समासात, पु म्हणजे पुरवणीत, ना म्हणजे नाही. एवढ्यावर थांबलात तर तक्ता खोटं बोलेल. उतारा ‘आहे’ असं दिसतं, पण जवळून पाहिलं तर अर्धाच असतो. म्हणून प्रत्येक उताऱ्याचे पहिले तीन आणि शेवटचे तीन शब्द टिपा. काउसा ११ चा तिसरा प्रश्न पोप ग्रेगरीच्या वचनाने उघडतो, ‘सेन्तेन्सिया पास्तोरिस’, पाळकाचा निर्णय न्याय्य असो वा अन्याय्य, त्याची भीती बाळगावी. सुरुवात सगळीकडे मिळेल. शेवट कुठे होतो ते पाहायचं असतं. ६७३ मध्ये शेवट आधीच झाला असेल तर दोन शक्यता राहतात, आणि त्या दोन्ही तक्त्यात तशाच लिहाव्यात. निकाल द्यायची घाई नको.

ग्रात्सियानची स्वतःची वाक्यं, ज्यांना ‘डिक्टुम’ म्हणतात, ती वेगळ्या रंगाने रंगवा. क्रम लावण्याचा सगळ्यात जोरकस पुरावा त्यांच्यातच असतो. डिक्टुम म्हणतो, ‘म्हणूनच अमुक पोप सांगतो’, आणि लगेच खाली भलत्याच पोपचं वचन येतं. तो अमुक पोप तीन उतारे खाली जाऊन सापडतो. मधले तीन मागाहून घुसले, हे कळायला लॅटिनचं व्याकरणही फार लागत नाही. फ्रिडबर्गमध्ये अशा जागा भरपूर आहेत. पहिल्या आवृत्तीच्या पोथ्यांत तेच मधले उतारे मुख्य मजकुरात नसतात आणि वाक्य सरळ जोडतं. फ्लॉरेन्सच्या समासात ते सापडले की वर्तुळ पूर्ण.

आता ६७३ ला हीच कसोटी लावा. खर्डा असेल तर त्यातलं प्रत्येक डिक्टुम आपल्या पायावर उभं राहायला हवं, कारण पुढचं अजून लिहिलंच गेलेलं नाही. संक्षेप असेल तर कुठेतरी डिक्टुम अशा गोष्टीकडे बोट दाखवेल जी कापली गेली आहे. हवेत लटकलेलं ‘वर सांगितल्याप्रमाणे’ सापडलं की लारैन्सार यांच्या बाजूचा माणूस अडचणीत येतो. उलट एखादी जागा ६७३ मध्ये स्वच्छ वाहते आणि पुढच्या आवृत्तीतच अडखळते, तेव्हा विन्रोथ यांच्या बाजूच्याला उत्तर द्यावं लागतं. केनेथ पेनिंग्टन यांनी काउसा १९ वरून पोथीच्या जुनेपणाची बाजू मांडली ती याच जातीची. ग्रंथाची रचनाही त्यांच्या पथ्यावर पडते: ६७३ मध्ये पहिल्या भागातल्या ‘डिस्टिंक्त्सिओ’, म्हणजे तत्त्वांची प्रकरणं, नाहीत, त्यांच्या बऱ्याचशा विषयांचा एक पहिला खटला करून टाकला आहे. शिकवताना आधी खटले सुचले आणि तत्त्वांचा भाग नंतर जमला, हे पटण्याजोगं आहे.

पण वजन कोणत्या पारड्यात जास्त, हे विचारलं तर संक्षेपाच्या. ६७३ मध्ये असे तुकडे आहेत जे दुसऱ्या आवृत्तीतच ओळखीचे आहेत. खर्ड्यात पुढच्या दुरुस्तीचा मजकूर कसा आला, याला सोपं उत्तर मिळत नाही. जॉन वेई यांनी ग्रात्सियानच्या उगमग्रंथांवरून हाच प्रश्न तपासला. ती वाट नवख्याला जड आहे, पण सगळ्यात भक्कम. ग्रात्सियान मूळ पोपपत्रं वाचत नव्हता, तो आधीच्या संग्रहांतून उचलत होता: लुक्काच्या आन्सेल्मचा संग्रह, ‘त्रिपार्तिता’, ‘पानोर्मिया’, ‘पॉलिकार्पुस’, तीन पुस्तकांचा संग्रह. कोणता उतारा कोणत्या संग्रहातून, कोणत्या पाठभेदासह आला, हे लावलं की टप्पे आपोआप सुटे होतात. लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ शेजारी ठेवून पाहिलेल्याला हे अंगवळणी असतं: दोन पाठ एकाच चुकीत एकत्र आले की त्यांचं घराणं कळतं.

पोथीच्या आरंभीचं नाव तर मजेशीर आहे: ‘एक्ससेर्प्टा’, म्हणजे पवित्र धर्मपित्यांच्या आज्ञांतून काढलेले वेचे. संक्षेपवाले याकडे बोट दाखवतात. पण त्या काळातला चर्चच्या नियमांचा प्रत्येक संग्रह वेच्यांचाच होता, त्यामुळे नावावर पैज लावू नये.

सालाच्या कसोट्या दोनच लक्षात ठेवल्या तरी काम भागतं. पहिली, एप्रिल ११३९ ची चर्चची दुसरी लॅटरन परिषद. तिचा निर्णय ज्या मजकुरात आहे तो त्यानंतरचा, ही गोष्ट ४९८-अ सारखीच सरळ. पहिल्या आवृत्तीतही एका ठिकाणी, डिस्टिंक्त्सिओ ६३ मध्ये ३४ व्या उताऱ्यानंतरच्या डिक्टुममध्ये, ती आलेली आहे. यावरून पहिली आवृत्ती ११३९ नंतर पूर्ण झाली असं विन्रोथ म्हणतात; ते वाक्य घुसवलेलं आहे असं म्हणणारेही आहेत. एका वाक्यावर एवढं साल टांगलेलं असलं की त्या वाक्याच्या आजूबाजूला खरवडल्याची खूण, शाईचा फरक, दाटीवाटी आहे का हे प्रत्येक पोथीत पाहावंच लागतं. वरची मर्यादा बाहेरून मिळते: धर्मशास्त्री पेत्रुस लोम्बार्दुसने साधारण ११५७ पर्यंत पुऱ्या केलेल्या आपल्या ‘सेन्तेन्तिए’ मध्ये दुसरी आवृत्ती वापरली, म्हणजे ती त्याआधी झालेली.

दुसरी कसोटी रोमन कायद्याची. रोमन सम्राट जस्टिनियनच्या संहितांतले लांब उतारे आणि त्यांची सराईत हाताळणी दिसली की दुसरी आवृत्ती. पहिलीत हे ज्ञान तुटपुंजं आहे. याच फरकावरून दोन आवृत्त्यांचे दोन कर्ते असावेत असंही विन्रोथ सुचवतात. तिसरा भाग, ‘दे कोन्सेक्रात्सिओने’, पहिल्या आवृत्तीत मुळातच नाही. तो दिसला तर पुढचं तपासायलाही नको.

घोळ कुठे होतो? सर्वाधिक ‘ना’ या अक्षरात. उतरवणाऱ्याची नजर एका शब्दावरून खालच्या तशाच शब्दावर उडी मारते आणि मधल्या चार ओळी गळतात. गळालेल्या भागाच्या दोन्ही टोकांना सारखा शब्द असेल तर ती नजरचूक धरा, टप्प्याचा पुरावा म्हणून मोजू नका. या एका नियमाने तक्त्यातली खोटी ‘ना’ झपाट्याने कमी होतात. दुसरा घोळ भेसळीचा. फ्लॉरेन्ससारखी समास भरलेली पोथी पुढच्याने उतरवली आणि समासातलं सरसकट मुख्य मजकुरात घेतलं, काही सोडलं, की तयार होते ना पहिली ना दुसरी अशी प्रत. ६७३ च्या मागे अशीच भेसळीची मातृप्रत असावी, हे विन्रोथ यांचं म्हणणं. तिसरा, ‘पालेआ’ हे लेबल. असं लेबल असलेले उतारे अजून नंतरचे. फ्रिडबर्गमध्ये ते दाखवलेले आहेत, ते वेगळ्या रंगात टाका, नाहीतर दुसऱ्या आवृत्तीचा आकडा फुगतो. लाल शीर्षकंही बेभरवशाची. ती बऱ्याचदा मजकुरानंतर, वेगळ्या हाताने भरलेली असतात, आणि राखलेली जागा कमी पडली की समासात सांडतात. तो सांडलेला लाल मजकूर बघून ‘वाढीव भाग’ अशी नोंद करणारे पुष्कळ.

हे सगळं करताना ई-कोडिसेस कुठे कमी पडतं तेही सांगायला हवं. चित्र सपाट प्रकाशात घेतलेलं आहे. शाईविना, टोकाने दाबून आखलेल्या ओळी आणि कडेची टोचणीची भोकं धड दिसत नाहीत, आणि चर्मपत्राची केसांची बाजू कोणती हेही खात्रीने सांगता येत नाही. याला महत्त्व आहे, कारण पोथी जुड्यांनी बांधलेली असते. नेहमीची जुडी चार घडीपत्रांची, म्हणजे आठ पत्रं, सोळा पृष्ठं. एखादं पत्र मागाहून घातलं असेल तर जुडीचा हिशेब बिघडतो, आणि मजकूर कधी घुसला याचा तो धडधडीत पुरावा असतो. चित्रांच्या पट्टीवरून हा हिशेब लागत नाही. साइटवरचं छापील वर्णन वाचूनच भागवावं लागतं. वर्णनं जुन्या सूचींतून घेतलेली असू शकतात, म्हणून ती कधीची ते आधी पाहा. लॅटिन मजकूर टाइप करून दिलेला नाही, त्यामुळे शब्द शोधायची सोय नाही. मांडणी जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि इंग्रजीत.

एक सोय मात्र फार लोक वापरत नाहीत. प्रत्येक पोथीला आयआयआयएफ पद्धतीचा, म्हणजे तिची चित्रं दुसऱ्या दर्शकातही उघडणारा, दुवा आहे. तो उचलून मिराडोर या मोफत दर्शकात टाकला की एका पडद्यावर ६७३ आणि शेजारी त्याच पद्धतीने उपलब्ध असलेली दुसरी पोथी, असं मांडता येतं. दोन टॅबमध्ये उड्या मारण्याने जे सुटतं ते शेजारी ठेवल्याने सुटत नाही. मे महिन्यात दुपारी लाईट जाते आणि नेट जातं, म्हणून निवडलेल्या प्रश्नाची पानं आधी उतरवून ठेवा. फाइलला नाव देताना पृष्ठक्रमांक घाला, साइटने दिलेलं नाव तसंच ठेवू नका. चित्रं विनाव्यापारी वापरासाठी आहेत. अट पोथीच्या पानावरच लिहिलेली असते, छापायच्या आधी वाचा.

छपाईचं म्हणाल तर ए-थ्री रंगीत प्रिंट काढताना दुकानदाराला ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा आणि एका कागदावर एकच स्तंभ घ्या. उजळपणा वाढवून छापलं की काळी शाई ठसठशीत होते खरी, पण समासातल्या फिक्या नोंदी कागदावरून उडून जातात, आणि त्यांच्यासाठीच तर एवढी खटपट. चकचकीत कागद नको, साधा जाड घ्या. पेन्सिलीने ‘मु’ आणि ‘स’ लिहिता यायला हवं.